साडेतीन मिनिटांचे त्रिकालज्ञानी

वारज्याच्या चैत्रवन सोसायटीत रविवारी दुपारी दोन वाजता सातव्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांची रांग सातशे दोनच्या दारातून निघून, लिफ्ट ओलांडून थेट जिन्यावर उतरली होती. एरवी ह्या सोसायटीत वार्षिक सभेला गणसंख्या भरायची मारामार. पण त्रिकालनाथ महाराजांच्या ‘दर्शन-सामन्या’ला साठ माणसं दीड वाजल्यापासून मांडी घालून बसली होती, तीही दुपारची झोप मोडून. पुण्यातला माणूस देवासाठी पहाटे उठतो, त्यात नवल नाही. तो दुपारी जागा राहिला, तर प्रकरण गंभीर आहे असं समजावं.

भिंतीवर भला मोठा टीव्ही होता आणि त्यावर एकदिवसीय सामना चालू होता. टीव्हीकडे पाठ करून, चौरंगावर मखमली गादी टाकून महाराज बसले होते. डोळे मिटलेले, भगवा फेटा कानाच्या पाळ्या झाकून खाली उतरलेला.

“हा चेंडू जाऊ द्या,” महाराज झोपेत बोलल्यासारखे म्हणाले. “पुढचाही जाऊ द्या. त्याच्या पुढचा... अरेरे. उडाला. झेल आहे.”

पहिला चेंडू गेला, दुसरा गेला. तिसरा उंच उडाला आणि सीमारेषेजवळच्या गड्याने तो अलगद टिपला. साठ माणसांनी हात जोडले. बाद झालेला फलंदाज मात्र आपलंच काहीतरी चुकलं असं समजून मान खाली घालून परत चालला होता. आपलं बाद होणं वारज्यात आधीच ठरून गेलं होतं, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं.

“क्रिकेट निमित्तमात्र आहे, भक्तहो,” महाराज म्हणाले. “तीन यष्ट्या म्हणजे सत्त्व, रज आणि तम. चेंडू म्हणजे काळ. फलंदाज म्हणजे अहंकार. आम्ही फक्त ब्रह्मांडाच्या फ्रिक्वेन्सीला कान लावतो.”

“आणि पंच?” मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या माधवरावांनी विचारलं.

महाराजांनी डोळे न उघडता स्मित केलं. माधवरावांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या बहिणीने, कुसुमने, त्यांच्या गुडघ्याला चिमटा काढला.

माधवराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. वय एकाहत्तर, जीभ पंचविशीतली. ते इथे स्वखुशीने आले नव्हते. भाची पूर्वा हिंजवडीहून रात्री दहाला घरी आली की रोज एकच गोष्ट सांगायची: “मामा, आईला समजाव. मी थकले.”

गोष्ट अशी होती की कुसुमच्या डाव्या स्तनात गाठ सापडली होती. सुईने काढलेल्या नमुन्याचा रिपोर्ट चांगला नव्हता. गाठ काढायची, उशीर करायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शस्त्रक्रियेची पहिली तारीख कुसुमने दिवाळीच्या नावाखाली घालवली. दुसरी तारीख येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारची होती. आणि त्रिकालनाथांनी तिला सांगितलं होतं, “ही गाठ वायूची आहे, माई. सुरी लावलीत तर पेटेल. आमचा अंगारा लावा, संक्रांतीपर्यंत विरघळेल.”

कुसुमने बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. ग्रहण म्हणजे सावली, राहू-केतू कोणी नाहीत, हे तिने पिढ्यान्‌पिढ्यांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. तीच आता म्हणायची, “दादा, ज्यांना चेंडू आधी दिसतो, त्यांना माझी गाठ दिसणार नाही का?”

ह्यावर माधवरावांकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसणं ही त्यांना नवी गोष्ट होती आणि ती त्यांना मुळीच आवडली नाही. फसवणूक आहे हे कळत होतं, पण कशी ते कळत नव्हतं. सामना खरा होता. खेळाडू काही महाराजांच्या ऐकण्यातले नव्हते. मोबाइल दारातच एका परातीत ठेवून घेत होते, कारण म्हणे त्यांच्या लहरींनी महाराजांची समाधी मोडते. खिडक्या बंद, पडदे जाड. महाराज टीव्हीकडे ढुंकूनही बघत नव्हते. आतल्या ‘साधनाकक्षा’चं दार बंद होतं.

साडेतीनच्या सुमाराला अवकाळी पाऊस आला. बाल्कनीच्या पत्र्यावर असा कोसळला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. महाराज बोलता बोलता थांबले.

“मेघ आले,” ते म्हणाले. “दृष्टी झाकली गेली.” आणि त्यांनी मौन धरलं.

टीव्हीवर सामना व्यवस्थित चालू होता. एक चौकार गेला, एक पायचीतचं अपील झालं, पण महाराज गप्पच. मग बऱ्याच वेळाने टीव्हीचं चित्र तुटलं, चौकोन चौकोन झाले आणि पडदा निळा झाला. “डिशला पाऊस लागला,” कोणीतरी म्हणालं. दहा मिनिटांनी पत्र्यावरचा आवाज ओसरला. पडदा अजून निळाच होता, पण महाराजांना कंठ फुटला. “षटकार गेला आहे. मोठा,” ते म्हणाले. थोड्या वेळाने चित्र आलं आणि खरंच मोठा षटकार गेला. टीव्हीला दिसत नाही तेसुद्धा महाराजांना दिसतं, म्हणून सभागृह गहिवरलं. आपल्याला ह्यात काहीतरी खटकतंय, एवढंच माधवरावांना वाटलं. काय खटकतंय ते सापडेना, म्हणून ते घरी जाऊन कुसुमवरच चिडले.

उत्तर सापडलं बुधवारी, आणि तेही आयतं घरात. आता इथे माधवरावांच्या ‘डब्या’बद्दल सांगायला हवं.

माधवरावांना दोन गोष्टी प्राणांहून प्रिय, दुपारी एक ते चारची झोप आणि क्रिकेट. सामने दीड वाजता सुरू होऊ लागले तेव्हा त्यांच्यावर धर्मसंकट आलं. त्यातून त्यांनी स्वतः मार्ग काढला. पूर्वाचा टाकाऊ संगणक घेतला, संगणकाच्या सुट्या भागांच्या तपकीर गल्लीत तीन दुकानं पालथी घालून त्यात बसवायचं एक कार्ड आणलं आणि सेटटॉप बॉक्सची वायर टीव्हीऐवजी संगणकाला जोडली. आता सामना आधी संगणकात साठतो आणि तिथून टीव्हीवर येतो. मधे हवा तेवढा वेळ घालवता येतो, पाच मिनिटं किंवा तीन तास. माधवराव चारला उठत, चहा घेत आणि सामना पहिल्या चेंडूपासून बघत. ह्या व्यवस्थेला घरात ‘डबा’ म्हणत. कुसुमच्या मालिकाही त्यातच साठत. तिला त्यातलं एकच बटण ठाऊक होतं.

डब्याचा एकच तोटा होता. चारनंतर माधवराव कोणाला भेटू शकत नसत. सगळ्या जगाला पुढचं माहीत असायचं आणि जगाला तोंड आवरत नाही. मागे एकदा इस्त्रीवाल्याने दारातून “हरलो की काका” म्हटल्यावर त्यांनी आठवडाभर चुरगळलेले सदरे घातले होते.

तर त्या बुधवारी दुसरा सामना होता. माधवराव संध्याकाळी सात वाजता दुपारचा सामना बघत बसले होते. पूर्वा लवकर सुटून कंपनीच्या बसने आली. बसमध्ये तासभर तिने मोबाइलवर स्कोअर बघितला होता. ती सोफ्यावर बसली, टीव्हीकडे नजर टाकली आणि सहज म्हणाली, “हा आता जाईल. बोल्ड.”

तो बोल्ड झाला.

“किती वेळा सांगितलं तुला,” माधवरावांनी सुरुवात केली, “की माझा सामना...” आणि ते थांबले. रिमोट हातात तसाच राहिला.

“मामा? सॉरी. विसरले.”

“पूर्वा,” माधवराव हळू आवाजात म्हणाले, “तू त्रिकालज्ञानी आहेस.”

“काय?”

“आमचा इस्त्रीवालाही होता. मी गाढव आहे. डबा माझ्या घरात, आणि मी त्या बुवाच्या दारात तोंड उघडं टाकून बसलो.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मग रविवारचा पाऊस आठवला आणि सगळं एकेक करून जागेवर बसलं. पाऊस आला तेव्हा डिशचं चित्र त्याच क्षणी जायला हवं होतं. पण बाहेर धो धो पाऊस आणि हॉलमधला टीव्ही मजेत चालू, तो नंतर गेला. त्या क्षणी गेलं ते फक्त महाराजांचं चित्र. म्हणजे टीव्हीवरचं शिळं होतं आणि ताजं कुठेतरी आत होतं. आत बसलेला कोणीतरी ताजा सामना बघून महाराजांच्या कानात सांगत होता. फेटा कानांवर का, तेही उमगलं. ब्रह्मांडाची फ्रिक्वेन्सी ती हीच.

“आईला आत्ताच सांगू या,” पूर्वा उठली.

“बस खाली. आत्ता सांगितलं तर म्हणेल, दादाला महाराज बघवत नाहीत. रविवारी तिच्या डोळ्यांदेखत होऊ दे.”

“हॉस्पिटलला सोमवारी कळवायचंय मामा. नाहीतर ही तारीखही जाईल.”

“म्हणून तर रविवार चुकवून चालणार नाही,” माधवराव म्हणाले. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट ही नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं. धाकटी बहीण एकच होती.

पुढच्या रविवारी तिसरा सामना. माधवराव कानटोपी घालून दर्शनाला आले. नोव्हेंबरात पुण्यातला एकाहत्तर वर्षांचा गृहस्थ कानटोपी घालून आला, तर त्यात कोणाला काही वाटत नाही. घातली नसती तर चौकशी झाली असती. मोबाइल त्यांनी मुकाट्याने परातीत ठेवला. सदऱ्याच्या आतल्या खिशातला काडेपेटीएवढा रेडिओ मात्र कोणी मागितला नाही. रेडिओ नावाची वस्तू अजून असते, हेच स्वयंसेवकांना माहीत नसावं. रेडिओची वायर सदऱ्यातून कानटोपीत गेली होती आणि कानात सामन्याचं धावतं वर्णन चालू होतं. ह्या वेळी ते कुसुम आणि पूर्वाला घेऊन पहिल्या ओळीत बसले.

माधवरावांनी आधी मनगटावरच्या घड्याळात अंतर मोजलं. रेडिओवर गेलेला चौकार हॉलमधल्या टीव्हीवर साडेतीन मिनिटांनी आला. आणि गंमत म्हणजे रेडिओ महाराजांच्याही चार-सहा सेकंद पुढे होता, कारण चित्र उपग्रहाला वळसा घालून येतं.

महाराजांनी हात वर केला. “भक्तहो, आता एक...”

“बाद,” माधवराव डोळे मिटून म्हणाले. “धावबाद. पलीकडच्या टोकाचा फलंदाज.”

महाराजांचा हात तसाच राहिला. क्षणभराने त्यांच्या चेहऱ्यावर आतून काहीतरी ऐकू आल्याचा भाव आला. “हो,” ते म्हणाले. “धावबाद.”

साडेतीन मिनिटांनी टीव्हीवरचा फलंदाज धावबाद झाला. सभागृहात कुजबुज झाली. पुढे दोन चौकार, एक वाईड आणि एक सुटलेला झेल माधवरावांनी आधी सांगितला. प्रत्येक वेळी महाराज त्यांच्यामागून “तेच म्हणणार होतो” म्हणत राहिले. पाचव्या वेळी मागच्या ओळीतल्या एक बाई पुढे आल्या आणि माधवरावांच्या पायांवर वाकल्या.

“आमच्या स्वरालीचं कधी जमेल, तेवढं बघता का?”

“स्वरालीला विचारा,” माधवराव म्हणाले. “पाय सोडा आधी.”

पण पाय सुटेनात. आणखी दोघं आले. कुसुम भावाकडे अशा नजरेने बघत होती की माधवरावांना भीती वाटली. बहिणीला बाबापासून सोडवायला आलो आणि स्वतःच बाबा झालो, तर तोंड लपवायला जागा उरणार नाही. त्यांनी घाईने कानटोपी काढली, वायर उपटली आणि रेडिओ हातात धरून मोठा केला.

हॉलमध्ये समालोचकाचा आवाज भरला. रेडिओवर गोलंदाज बदलला, फलंदाजाने षटकार मारला, प्रेक्षक ओरडले. समोर टीव्हीवर जुनाच गोलंदाज निवांतपणे चेंडू पँटला घासत होता.

“हे मायावी यंत्र आहे,” महाराज म्हणाले.

“चौकातल्या दुकानात मिळतं,” माधवराव म्हणाले. “पूर्वा, ते दार.”

स्वयंसेवक हलायच्या आत पूर्वाने साधनाकक्षाचं दार ढकललं. आत देव नव्हता, दिवा नव्हता. टेबलावर संगणक, मॉनिटरवर रेडिओशी जुळणारा ताजा सामना आणि समोर कानावर हेडफोन, तोंडापाशी माइक लावलेला तिशीचा माणूस. हातात वडापाव.

“काका, मी फक्त जोडणी केली,” तो वडापाव खाली ठेवत म्हणाला. त्याचं नाव चेतन. महाराजांकडे येण्याआधी तो संगणक दुरुस्त करत होता.

माधवरावांनी जोडणी बघितली. कारागीर माणसाला राहवत नाही. “वायरी छान बांधल्यास,” ते म्हणाले. “कार्ड तपकीर गल्लीतलं?”

“हो काका. दुसऱ्या बोळात.”

“मी घेतलं तेव्हा त्याने मला महाग दिलं. बरं, आता हॉलमधला टीव्ही ताज्यावर आण.”

चेतनने महाराजांकडे बघितलं, मग साठ चेहऱ्यांकडे, आणि कळ दाबली. टीव्हीवर खेळायला सज्ज उभा असलेला फलंदाज एकदम नाहीसा झाला. त्याच्या जागी दुसराच होता, आणि धावफलक सतरा धावांनी पुढे गेला होता. टीव्ही आणि रेडिओ जवळजवळ एका सुरात बोलू लागले.

“आता सांगा,” माधवरावांनी हात जोडून विचारलं. “पुढचा चेंडू?”

महाराजांनी डोळे उघडले. “आज योग नाही,” ते म्हणाले.

“योग आहे. उशीर नाही एवढंच. मंडळी, ह्यांना पुढचं दिसत नव्हतं. आपल्याला मागचं दाखवत होते. सामना संगणकात साठवायचा, साडेतीन मिनिटं दाबून ठेवायचा आणि मग आपल्यापुढे सोडायचा. माझ्या घरी हेच यंत्र नऊ वर्षं आहे, ते मी झोपायला वापरतो. परात कशाला, पडदे कशाला, फेटा कशाला, एकदा तरी विचारायचं होतं. मीही विचारलं नाही, म्हणून मला शहाणपण सांगायचा हक्क नाही. पण ज्याला पुढचा चेंडू सांगता येत नाही, त्याच्या शब्दावर औषध सोडू नका. इथे कोणी सोडलं असेल तर आज घरी जाऊन सुरू करा.”

सगळ्यांचे डोळे एकदम उघडले असं म्हटलं तर ती माझी लोणकढी ठरेल. निम्मे लोक मुकाट्याने चपला शोधायला गेले. चारपाच जण चेतनशी भांडू लागले. स्वरालीच्या आई म्हणाल्या, “यंत्र खोटं असेल हो, पण महाराजांचं तेज खरं आहे.” एका गृहस्थाने ही महाराजांनी घेतलेली श्रद्धेची परीक्षा आहे असं जाहीर केलं आणि तो पास झाल्यासारखा बसून राहिला. पूर्वा पोलिसांना फोन लावत होती. त्या गडबडीत महाराज फेटा सावरत जिन्याने उतरून गेले. लिफ्ट कधी येईल हे त्यांना सांगता आलं नसावं.

तिघं घरी आली. माधवरावांनी चहा केला. कुसुमने कप हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला.

“तुला वाटतं मला कळत नव्हतं,” ती म्हणाली. “अंगाऱ्याने गाठ विरघळत नाही, हे मला कळत नाही का, दादा? पण सगळे म्हणतात बघू. डॉक्टर म्हणतात बघू. पूर्वा म्हणते सगळं ठीक होईल, आणि बाथरूममध्ये जाऊन रडते. एकट्या महाराजांनीच मला नक्की सांगितलं.”

बहिणीला बुवाचा नाद लागलाय असं माधवराव महिनाभर म्हणत होते. ती घाबरली आहे, हे त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“मला नक्की सांगता येत नाही, कुसुम,” ते शेवटी म्हणाले. “खोटं सांगितलं असतं, पण आजच एकाला त्यासाठी उठवून आलो. फक्त एवढं सांगतो. गुरुवारी मी तिथे असेन, दिवसभर.”

“दुपारी झोपायचं काय?”

“नाही झोपणार.”

कुसुम उठली. तिने कपाटातून आपली फाइल काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटल उघडायच्या आधी दहा मिनिटं फोन लावून बसली.

गुरुवारी सकाळी डॉक्टर तिच्या खाटेपाशी आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या, पण बसल्या. कुसुमने पूर्वाचा हात धरला होता. माधवराव पायापाशी उभे होते.

“डॉक्टर,” कुसुम म्हणाली, “मी पूर्ण बरी होईन, हे नक्की ना?”

डॉक्टरांनी तिच्याकडे सरळ बघितलं. “वेळेत आलात, हे नक्की. बाकी गाठ काढून तपासल्याशिवाय मी सांगणार नाही.”

माधवरावांनी खाटेची दांडी घट्ट धरली.

“बरं,” कुसुम म्हणाली. “मग तपासा.”